मामांची उलटी फेरी

दिवा राहू द्या हवं तर. आणि तू रे शूरवीर, दाराकडे पाठ करून बसलायस? बस, बस. मला काय!

ही गोष्ट माझ्या शेजारच्या मेकॅनिकची. खोटी वाटली तर त्यालाच विचारा. पण तो बोलत नाही.

नोव्हेंबरातला दुसरा मंगळवार, रात्रीचे सव्वाअकरा. शेवटचं विमान उतरून उतारू घरी गेलेले. विमान कसलं, एकोणीस खुर्च्यांचा डबा! घाटानं अख्खा दिवस लागतो त्या शेजारच्या शहरात वीस मिनिटांत जायचं, पुन्हा यायचं, दिवसभर धावपट्टीवर आदळायचं. मेकॅनिकनं टॉर्च घेऊन रोजची फेरी मारली. दार, डावा पंख, पुढचं चाक, उजवा पंख, शेपूट, परत दार. दाराला सील लावलं, तपासणीच्या कागदावर सही ठोकली. पहाटे त्याची धाकटी बहीण याच विमानानं निघणार होती. नव्या नोकरीवर हजर व्हायची शेवटची तारीख.

हे काम आधी त्याच्या सख्ख्या मामांचं. ते फेरी संपली की उलट्या बाजूनं दुसरी मारायचे. म्हणायचे, "डोळा बैलासारखा असतो रे, रोजच्या वाटेनं झोपेत चालतो." त्यापायी विमानं अडायची. मॅनेजरनं मामांना काढलं, भाच्याला नेमलं. भाचा गप्प बसला. पगार बरा होता ना! मामा झुरून झुरून गेले.

तर मेकॅनिक निघाला, आणि विमानापलीकडे उजेड हलला.

"कोण आहे?"



उजेड शेपटीपाशी होता. मग उजव्या पंखाखाली. सावकाश. उलटा...

"मामा?"

उजेड पुढच्या चाकापाशी थांबला. हलेना.

तो जवळ गेला. अजून जवळ. उजेड विझला. कुणी नाही...

त्यानं आपला टॉर्च तिथंच धरला. चाकाच्या दांड्याला भेग. केसाएवढी. या बाजूनंच दिसणारी.

त्यानं मॅनेजरला उठवलं.

"सही कुणाची आहे?"

"माझीच, साहेब."

"मग आता काय डोळे फुटले? वीस मिनिटांत काय आभाळ कोसळतंय?"

"आभाळ नाही, साहेब. विमान कोसळेल."

त्यानं कागदावरची आपली सही खोडली; विमान उडालं नाही. सकाळी दांडा उतरवला, तो हातातच दुभंगला. दक्षतेची शाबासकी मॅनेजरला. खोट्या सहीबद्दल मेकॅनिकला नारळ. बहिणीची नोकरी हुकली. "एक दिवस दम धरवला नाही तुला, दादा?" म्हणाली, आणि त्यानंतर बोललीच नाही. न झालेल्या अपघाताचे आभार कोण मानतो, सांगा!

जाताना त्यानं दाराचं सील तोडलं. त्यानंच रात्री लावलेलं, जसंच्या तसं. आत सगळ्या खुर्च्यांचे पट्टे मोकळे लोंबत होते.

एक सोडून.

खिडकीजवळची. बहिणीच्या तिकिटावरची.

त्या खुर्चीच्या पट्ट्याला आडवी गाठ होती, कुणी बसूच नये अशी. गाठीवर गाठ... गाठीवर गाठ... त्यानं नि पहारेकऱ्यानं, दोघांनी ओढली. सुटेना.

शेवटी कापावी लागली.