पुळणीवरचा गडी

घोडपदेवच्या चाळीत दिवे गेले होते. गॅलरीत जगदीश आणि नलू ही पोरं बाबुरावांना चिकटून बसली. बाबुरावांनी विडी विझवली.

"हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या रे. शरदचंद्र माझ्या ओळखीतला, गिरगावातला. खोटं बोलणारा माणूस नव्हे. म्हणजे... एकदाच बोलला."

गोष्ट दोन वर्षांमागची, सत्तावन्न सालची. कार्तिकातली अमावास्या, गुरुवार. संयुक्त महाराष्ट्र समितीच्या सभेची पत्रकं द्यायला शरदचंद्र कुणाची तरी मोटार मागून अलिबागच्या पलीकडे निघाला. शेजारी कोंडीराम, परळचा गिरणी कामगार, आदल्या वर्षी बौद्ध झालेला. दोघांनी मोर्चात एकत्र लाठ्या खाल्लेल्या, त्यामुळं अरे-तुरेची दोस्ती.

गाव म्हणजे चित्रात काढावं असं. नारळी-पोफळी, किनाऱ्याला पांढऱ्या वाळूची पुळण, आणि ओहोटीला त्या पुळणीवरून मोटारी, बैलगाड्या सर्रास धावायच्या. वरचा रस्ता लांबचा आणि नुसते खड्डे. शरदनं ओल्या वाळूवर मोटार अशी सोडली की कोंडीराम पोरासारखा ओरडला, "अरे, हळू! पत्रकं समुद्राला वाटायचीत काय?"

वाटप झालं. दिवेलागणीला दोघं शरदच्या मावशीकडे गेले. रमाबाई ओटीवर आल्या. "बरोबर कोण रे हा?"

शरद म्हणाला, "आमचा गडी."

आता आपल्या गिरणगावात गडी म्हणजे जोडीदार, दोस्त. मावशीच्या घरी गडी म्हणजे नोकर. शरदला दोन्ही ठाऊक होतं, म्हणून तर नेमका तोच शब्द काढला.

"मग बसू दे अंगणात. पान तिथंच वाढते."

शरद आत पाटावर बसला. ब्रही काढला नाही. मावशीच्या आग्रहाखातर जेवत राहिला. हात धुवून बाहेर आला, तर पान तसंच. कोंडीराम नाही.

लाजेनं तो अर्धा झाला. मोटारीकडे धावला. मावशी मागून ओरडली, "अरे, भरती लागलीय! आणि पाण्याच्या बाजूनं कुणी चालताना दिसलं, तर गाडी थांबवू नकोस!"

कोंडीराम आल्या वाटेनंच गेला असणार म्हणून शरदनं गाडी पुळणीवर घातली. पुळण निम्मी उरली होती. मोटारीच्या उजेडात पुढे एक माणूस चालत होता. पाण्याच्या बाजूनं. चाल कोंडीरामचीच. शरदनं गाडी थांबवली. मन खात असलं की मावशीचं बोलणं कुठं आठवतं?

"बस रे, कोंड्या."

मागचं दार उघडलं. मिटलं. तो पुढे नाही बसला.

"रागावलास?"

...

"मी गडी म्हटलं ते दोस्त म्हणून रे."

लाट चाकाला लागली. मागून श्वाससुद्धा नाही...

"नाही. खोटं. नोकर म्हणूनच म्हटलं. तुझी लाज वाटली मला... मावशीसमोर. माफ कर."

मागून एक हात पुढे आला. ओला. उजवीकडे दाखवलं. सुरूच्या बनातून वाट होती. शरदनं गाडी वळवली. मोटार रस्त्याला लागली. त्यानं मागं पाहिलं.

कुणी नाही.

बाबुराव थांबले. नलूनं जगदीशचा हात घट्ट धरला.

"बुडाला कोंडीराम?" जगदीशनं विचारलं.

"छे रे."

शरद सकाळी परळला पोहोचला, तर कोंडीरामनंच दार उघडलं. अंगणातून उठून तो वरच्या रस्त्याला गेला होता, शेवटची एस.टी. पकडून घरी आला होता. पुळणीवर परत पाय ठेवलाच नव्हता. शरदला बोलायचं होतं. पण ते शब्द तो भलत्यालाच देऊन बसला होता, दुसऱ्यांदा जीभ उचलेना. "कोंड्या..." एवढंच म्हणाला. कोंडीराम दारातून बाजूला झाला.

"या, साहेब."



शरद उंबऱ्यावरूनच परतला. जिना उतरून मोटारीपाशी आला. मागच्या काचेवर मिठाची पांढरी रेघ होती, पाणी चढून उतरावं तशी. बसलेल्या माणसाच्या गळ्याइतकी उंच. त्यानं रुमालानं पुसली. जाईना. बोट फिरवून पाहिलं...

रेघ आतून होती.