खिळ्याची चव

“आई, तो विळा इकडे दे!”

आत्याच्या मुलीने, ताईने, हात पुढे केला, पण आत्याने ऐकलं नाही. परसात वाकून ती पुदिना कापत सुटली होती. एरवी एकेक शेंडा बोटांनी हळूच खुडणारी आत्या आज मूठ भरून सपासप विळा चालवत होती. पुदिना संपल्यावर तिने गवती चहाकडे मोर्चा वळवला.

चौकशी पायरीवर बसून हे बघत होती. तिचं खरं नाव घरात कुणी घेतच नसे. जिचं प्रत्येक वाक्य ‘का’ नाहीतर ‘कशाला’ने सुरू होतं, तिला दुसरं काय म्हणणार? शेजारी तिचा धाकटा भाऊ भोंगा. याने हाक मारली की पलीकडच्या गल्लीतली तान्ही पोरं दचकून उठायची. आज मात्र तोही नखाने माती कोरत बसला होता. सुट्टीत आत्याकडे येताना दोघांनी ढीगभर बेत आखले होते. काल दुपारी त्या सगळ्यांवर पाणी पडलं.

आत्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर काचेचा कारखाना होता. ताईचे बाबा तिथे भट्टीवर कामाला होते. एका उन्हाळ्यात ते भट्टीसमोरच कोसळले, ते पुन्हा उठलेच नाहीत. उष्माघात, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हापासून आत्या दर उन्हाळ्यात भट्टीवरच्या माणसांसाठी हिरवं सरबत करायची. दुसऱ्या कुणाच्या घरावर तशी वेळ येऊ नये, एवढंच तिच्या मनात असायचं. उजाडताच पुदिना आणि गवती चहा खुडायचा, आलं ठेचायचं, सगळं उकळत्या पाण्यात टाकून वर झाकण ठेवायचं. पार गार झालं की फडक्यातून गाळायचं. मग साखर, मीठ आणि अगदी शेवटी लिंबू, तेही सढळ हाताने. घाई करून गरम पाण्यात लिंबू पिळलेलं तिला मुळीच खपत नसे.

कारखान्यातले सगळ्यात जुने कारागीर होते नळीकाका. लांब लोखंडी नळीच्या टोकाला वितळलेल्या काचेचा गोळा घेऊन ते फुंकर मारायचे आणि बघता बघता त्याची बरणी व्हायची. उन्हाळा लागला की सरबतासाठी आत्याला एक नवी बरणी फुंकून द्यायची, हा त्यांचा शिरस्ता. सरबताचा पहिला घोट घेतला की ते रोज म्हणायचे, “वहिनी, मीठ कमी आहे.” आत्या रोज म्हणायची, “उद्या घालते.” मीठ कधी वाढलं नाही आणि काकांची तक्रारही कधी थांबली नाही.

काल दुपारच्या सुट्टीत सरबत पिऊन पुन्हा कामाला लागल्यावर भट्टीवरची माणसं एकामागून एक ओकू लागली. नळीकाकांच्या हातात तापलेली नळी होती आणि तेवढ्यात त्यांना मळमळून आलं. तोल गेला. समोरच्या तापलेल्या लोखंडी पाटावर ते दोन्ही हातांवर पडले.

बाकीचे संध्याकाळपर्यंत सावरले. नळीकाका मात्र कारखान्याच्या दवाखान्यात पडून होते आणि त्यांच्या हातांचं काय होणार हे कुणी सांगत नव्हतं.

आत्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. पाला ती नजरेने कमी आणि बोटांनी, वासानेच जास्त ओळखायची. “माझ्याच हातून भलतं पान गेलं,” काल रात्रीपासून तिचं हे एकच पालुपद चाललं होतं. कारखान्याचे नवे साहेबही सगळ्यांसमोर तेच म्हणाले होते. आज संध्याकाळी कारखाना सुटताना फाटकापाशी उभं राहून ती सगळ्यांची माफी मागणार होती. त्यानंतर पुन्हा या गावात तोंड दाखवायचं नाही, घर सोडायचं, हेही तिने ताईला सांगून टाकलं होतं.

“आत्या,” चौकशीने विचारलं, “काल आपणही तेच सरबत प्यायलो ना? त्याच पातेल्यातलं?”

“हो गं.”

“मग आपल्याला काही कसं झालं नाही?”

आत्याचा विळा क्षणभर थांबला. “तुमचं नशीब,” असं पुटपुटून ती पुन्हा कापायला लागली.

चौकशीला नशिबाचं उत्तर कधीच पटत नसे. तिने ताईला आणि भोंग्याला डोळ्यांनी खुणावलं आणि तिघं थेट दवाखान्यात पोहोचली.

नळीकाकांचे दोन्ही हात कोपरापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत गुंडाळलेले होते. ते बघून भोंग्याने मान फिरवली. चौकशी मात्र खाटेजवळ गेली. काका क्षीण आवाजात थोडं थोडं बोलत होते. सकाळच्या सुट्टीत सरबत नेहमीसारखं होतं, सगळ्यांनी घेतलं, कुणाला काही झालं नाही, असं त्यांनी सांगितलं.

“आणि दुपारचं?”

“दुपारी चव फिरली होती, पोरी. खिळा चोखल्यासारखी. पण तहान इतकी लागलेली की मी तसंच ढोसलं. मिठाचं बोलायचंसुद्धा राहून गेलं.” मग त्यांनी विचारलं, “वहिनी का नाही आली?”

ताईला रडू फुटलं.

बाहेर आल्यावर चौकशी म्हणाली, सकाळी चांगलं असलेलं सरबत दुपारी विषारी झालं, म्हणजे पाला निर्दोष आहे. जे काही झालं ते कारखान्यात झालं. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, आणि संन्यासी आपल्या पायाने फाशीकडे निघाला होता!

फाटकावरचा रखवालदार ताईच्या बाबांचा दोस्त होता, म्हणून त्याने तिघांना आत सोडलं. भिंतीलगत पेंढ्यावर आत्याच्या बरण्या ओळीने मांडलेल्या होत्या. ताईने विचारलं, या इथे कशा? रखवालदार म्हणाला, बरण्या फुटतात, तुकडे पायात घुसतात, म्हणून साहेबांनी दोन नवी पिंपं आणली. चांगली जस्ताचा मुलामा चढवलेली, पत्र्याची. काल पहिल्यांदाच आत्याचं सरबत फाटकातच पिंपांत ओतून घेतलं आणि बरण्या इथे ठेवल्या.

“काचेच्या कारखान्यात काचेचीच भीती!” भोंगा म्हणाला. कालपासून त्याचा हा पहिलाच विनोद होता, पण कुणी हसलं नाही.

मोरीपाशी एक पिंप आडवं पडलेलं दिसलं. चौकशीने आत डोकं घातलं. वरच्या बाजूला पत्रा नवा कोरा होता, त्यावर जस्ताची फुलाफुलांची नक्षी चमकत होती. त्याखाली एक सरळ रेघ. रेघेच्या खाली फुलं गायब, पत्रा मळकट आणि खरबरीत. तिने बोट फिरवून बघितलं.

“ताई, सरबत इथपर्यंत होतं. इथपर्यंतच पत्रा खाल्लाय कुणीतरी.”

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. शाळेच्या प्रयोगशाळेत जस्ताच्या तुकड्यावर आम्ल टाकल्यावर त्यावर बुडबुडे आलेले तिने पाहिले होते. “लिंबाने,” ती म्हणाली. “लिंबाने जस्त खाल्लं. सकाळपासून दुपारपर्यंत हळूहळू ते सरबतात उतरत गेलं, आणि तेच सगळे प्यायले.”

“मग दुसरं पिंप कुठे आहे?” भोंग्याने विचारलं.

ते भट्टीजवळ होतं आणि भरलेलं होतं. घरगुती पाला नको, म्हणून साहेबांनी आज सकाळीच साधं लिंबूपाणी करून त्यात ओतून ठेवलं होतं, असं रखवालदार म्हणाला. तेवढ्यात दुपारच्या सुट्टीची घंटा झाली.

ताई डॉक्टरबाईंना आणायला दवाखान्याकडे पळाली. चौकशी आणि भोंगा भट्टीकडे धावले. दारातच आगीची झळ तोंडावर आली. घामाने निथळलेली माणसं पिंपाभोवती जमली होती आणि पहिला पेला तोंडाला लागणार, एवढ्यात भोंगा बेंबीच्या देठापासून ओरडला,

“पिऊ नका!”

भट्टीच्या घरघरीतही तो आवाज सगळ्यांना ऐकू गेला. पेला हवेत थांबला.

साहेब तरातरा आले. पोरं इथे आलीच कशी, म्हणून त्यांनी रखवालदाराला झाडलं. आत्याची भाची म्हटल्यावर तर त्यांचा पारा आणखी चढला. आत्याला वाचवायला पोरं काहीही रचतील, असं ते सगळ्यांना सांगू लागले. यात पालाबिला काही नाही, नुसतं लिंबू-साखर आहे, स्वतः उभं राहून करवून घेतलंय!

साहेबांशी वाद घालून उपयोग नाही, हे चौकशीला कळलं. तिने पिंपातून पेला भरला आणि त्यांच्यापुढे धरला.

“मग साहेब, आधी तुम्ही प्या.”

सगळ्यांचे डोळे साहेबांवर खिळले. त्यांनी पेला हिसकावून घेतला आणि ऐटीत मोठा घोट तोंडात घेतला. तो घोट खाली उतरलाच नाही. गाल फुगलेले, भुवया वर गेलेल्या. शेवटी त्यांनी तो बाजूला थुंकला आणि रुमालाने तोंड पुसत राहिले.

“खिळा चोखल्यासारखं लागतं ना?” चौकशीने विचारलं.

काल ओकलेल्यांपैकी एक जण म्हणाला, “अगदी हेच. काल अगदी हेच लागत होतं.”

डॉक्टरबाई आल्या. त्यांनी पिंपाचा पत्रा बघितला, पाणी जिभेच्या टोकाला लावून थुंकलं आणि सगळं ओतून द्यायला सांगितलं. आंबट काहीही अशा भांड्यात ठेवायचं नसतं, हे साहेबांच्या तोंडावर बजावलं. “हे मला कालच सुचायला हवं होतं,” असंही त्या म्हणाल्या, आणि ते त्यांना लागलेलं दिसत होतं.

संध्याकाळी आत्या फाटकाशी आली, तर माणसं तिचीच वाट बघत होती. तिने हात जोडले. तिला बोलूच न देता साहेब पुढे झाले आणि खाली मान घालून म्हणाले, चूक माझी होती, बाई. आत्याला आधी काही समजेना. मग ताईने तिला सगळं सांगितलं, तशी ती पेंढ्यावरच्या बरण्यांपाशी मटकन बसली. रखवालदाराने चौकशीच्या पाठीवर थाप मारली. डॉक्टरबाई म्हणाल्या, ही मुलं नसती तर आज माझ्याकडे खाटा पुरल्या नसत्या. भट्टीवरच्यांनी भोंग्याला खांद्यावर उचलून घेतलं. चौकशीला मात्र नळीकाकांचे ते पट्ट्यांतले हातच आठवत होते.

पुदिना मुळापासून उपटला नव्हता म्हणून काही दिवसांनी परसात पुन्हा कोवळे शेंडे आले. पहिल्या खुडणीच्या वेळी आत्याने चौकशीला जवळ बसवलं. प्रत्येक पान तिच्या हातावर ठेवून ती विचारायची, “बघ गं, पुदिनाच आहे ना?” आणि चौकशी दर वेळी नीट बघून सांगायची.

सरबताने भरलेली काचेची बरणी घेऊन सगळी दवाखान्यात गेली. नळीकाकांच्या उजव्या हाताची बोटं आता कधीच पुरती मिटणार नव्हती, नळी धरता येणार नव्हती. ते त्यांना कळलं होतं. त्यांनी तिन्ही मुलांना जवळ बोलावलं. “चौकशी, तू विचारत राहा. लोक कंटाळले तरी विचारत राहा,” ते म्हणाले. मग त्यांचं लक्ष बरणीकडे गेलं.

पेला त्यांना धरता येत नव्हता. आत्याने तो त्यांच्या ओठांना लावला. थोडं सरबत उशीवर सांडलं. काकांनी घोट घेतला, तोंडात घोळवला, गिळला. आत्या श्वास रोखून त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

“वहिनी,” काका म्हणाले, “मीठ कमी आहे.”

आत्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं.

“उद्या घालते,” ती म्हणाली.