आठशे साठने भाग

सन २०९१ मध्ये मंगळावर एकशे बारा दिवसांचं धूळवादळ झालं. ऊन नाही म्हणून सौरपट्ट्या निकामी. ‘अरुणा’ वसाहतीतली बेचाळीस माणसं टाकीतल्या हायड्रोजनवर, इंधनघटांतून निघणाऱ्या विजेवर तगून होती.

प्रशासक विराज टिल्लूंनी पहिल्याच आठवड्यात दीपशेतीतले निम्मे दिवे विझवले. पीक घटणार, म्हणून प्रत्येकाच्या थाळीतून सहाशे किलोकॅलरी कापल्या. “रोज सातशे युनिट वीज वाचते आहे,” असं ते सकाळी ध्वनिक्षेपकावरून सांगत. कपात सर्वांना सारखी, याचा त्यांना फार अभिमान. पट्ट्या गाडल्या जाऊ नयेत म्हणून बाहेर दहा-दहा तास धूळ ओढणाऱ्या दामा गावितलाही सारखीच.

“बाई, ही थाळी आहे का देवाचा नैवेद्य?” दामा आहारतज्ज्ञ इंदुमती कारखानीसांना हसत विचारायचा. त्याच्यासाठी त्यांनी तीनदा लेखी अर्ज केला. तिन्ही परत आले. साठाव्या दिवशी दामा फावड्यासकट कोसळला, तो उठलाच नाही.

त्याला आंघोळ घालायची म्हणून इंदुमती गरम पाणी आणायला उष्णतागृहात गेल्या. सबंध वसाहत उबदार ठेवणारा विजेचा बॉयलर तिथे होता आणि तो सांभाळणारा फिरोज मुजावर. इंदुमतींचे वडील साखर कारखान्यात बॉयलरवर होते. लहानपणी त्या डबा घेऊन जात आणि काटे वाचून दाखवत. सवयीने त्यांची नजर काट्यावर गेली.

“एवढा वर का रे हा?”

“दिवे विझवल्यापासून चढलाय, ताई. रोज सहा लाख दोन हजार किलोकॅलरी जादा.”

“बाहेर गारठा वाढलाय?”

“नाही, तेवढाच आहे. मी रोज कळवतो. पण आम्ही बॉयलरवाले किलोकॅलरीत बोलणार आणि साहेबांचा तक्ता युनिटांत. म्हणाले, वेगळ्या पानावर टाका. टाकी पहिल्यासारखीच उतरतेय म्हटलं, तर म्हणे कोणीतरी चोरून शेगडी लावतंय. उद्यापासून थाळीतून आणखी तीनशे कापणार आहेत.”

एका युनिटाच्या आठशे साठ किलोकॅलरी. वडिलांनी पाढ्यांबरोबर पाठ करून घेतलं होतं. इंदुमतींनी मनात भाग लावला आणि पाण्याची बादली तिथेच ठेवली.

टिल्लू ध्वनिक्षेपकासमोर बसले होते.

“विराज, दिव्याला दिलेली वीज जाते कुठे?”

“पिकात.”

“शंभरातले चार भाग पिकात. शहाण्णव भाग तिथल्या तिथे ऊब होतात. आणि ते चार? आपण खातो, वावरतो, अंगाच्या उबेने याच भिंतींच्या आत परत करतो. दिवा म्हणजे भाजी पिकवणारी शेगडी! तुम्ही ती विझवलीत. घर तर वीस अंशांवर ठेवायचंच, मग तेवढीच वीज बॉयलरने जाळली. फिरोजचे सहा लाख दोन हजार भागिले आठशे साठ. करा.”

टिल्लूंनी केलं. सातशे.

“माझे आकडे बरोबरच होते, इंदूताई.”

“दोघांचेही होते! आग लागो त्या बरोबर असण्याला. एका भागाकारापायी माणूस उपाशी मारलात तुम्ही. नुसता भागाकार, विराज! चौथीतला!”

इंदुमतींनीच ध्वनिक्षेपक ओढून घेतला आणि दिवे लावायला सांगितले. बॉयलरचा काटा खाली आला. पीक तयार होईपर्यंत बियाण्याचं धान्य शिजवून थाळ्या पुन्हा भरल्या. टाकी उतरण्याचा वेग कणभरही बदलला नाही.

टिल्लू पुढे पृथ्वीवर परतले आणि ऊर्जाबचतीच्या समितीवर बसले. फिरोजने दर काट्याखाली दोन्ही एककं कोरली. तो अजून तिथेच आहे. इंदुमती ब्याऐंशीव्या वर्षी मिरजेत वारल्या. टिल्लूंची तीन पत्रं त्यांच्या कपाटात न फोडलेली सापडली. दामा गावित पट्ट्यांजवळ पुरलेला आहे.

वादळ सरलं त्या दिवशी टाकीत अकरा दिवसांचा हायड्रोजन शिल्लक होता. दामा पोटभर जेवला असता, तरी तेवढाच राहिला असता.