दोनशे त्रेसष्ट बुंधे

आम्ही चौघं डोंगरावर निघालो ते एकच गोष्ट सिद्ध करायला: वरचं जंगल हे जंगलच आहे.

ऐकायला वेडेपणाचं वाटेल. पण कागदावर ते जंगल उरलंच नव्हतं. अहवालात स्वच्छ लिहिलं होतं, ‘विरळ झुडपी रान. झाडांचं वय साठ वर्षांच्या आत. माती उथळ, जेमतेम वीतभर. तोडीस हरकत नाही.’ खाली सही, शिक्का, आणि ‘प्रत्यक्ष पाहणी: तीन दिवस.’

माझी थोरली बहीण मातीची संशोधक, मी झाडांची. त्या जंगलात आमची एक चौकट होती. शंभर मीटर लांब, शंभर मीटर रुंद. तिच्यात चारशे सोळा झाडं, प्रत्येकाच्या खोडावर नंबराचा पत्र्याचा बिल्ला. गेली एकोणीस वर्षं आम्ही दोघी दरवर्षी तिथं जात होतो. मी फीत लावून घेर मोजायची, कुठल्या फांदीवर कोणाचं घरटं ते लिहायची. ताई गुडघ्यावर बसून लोखंडी नळी जमिनीत ठोकायची आणि माती किती खोल, तिच्यात गांडुळं किती, बुरशीचे धागे कुठवर गेलेत, ते बघायची. एकोणीस वर्षांच्या वह्या आम्ही पडताळणी समितीपुढे ठेवल्या. अध्यक्षांनी त्या चाळल्या आणि बाजूला सारल्या. मोजणाऱ्या तुम्ही, आक्षेप घेणाऱ्याही तुम्हीच, असं कसं चालेल, असं त्यांचं म्हणणं. मग हुकूम निघाला: नव्यानं नमुने आणा, आणि अहवाल लिहिणाऱ्यांना सोबत न्या. मुदत आठ दिवस. नाही जमलं, तर तोड सुरू.

म्हणून चौघं. ताई, मी, वाटाड्या काका आणि साहेब.

काका साठीचे. तरुणपणी लाकूडतोड्या होते, नंतर ते सोडून आम्हाला वाट दाखवू लागले. बोलणं मोजकं. साहेब पन्नाशीचे, नव्या बुटांतले. हेच ते अहवालवाले. तोंडावर मी त्यांना अहोजाहो करायचे, मनात मात्र पहिल्या दिवसापासून अरेतुरेवर होते. कारण मला माहीत होतं की हा माणूस वर कधी आलेलाच नाही. पहिल्याच चढावर मी त्यांना विचारलं, मागच्या वेळी कुठल्या वाटेनं गेला होता? साहेब म्हणाले, “आता नेमकं आठवत नाही.” माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ताईनं माझं मनगट दाबलं आणि चालायला लावलं.

दुसऱ्या दिवशी नदीवर पोहोचलो, तर पूल नाही! दोन्ही काठांचे खांब होते, तारा होत्या, पायाखालच्या फळ्या तेवढ्या गायब. एकही मोडलेली नव्हती. कोणीतरी सावकाश, पाना लावून त्या काढून नेल्या होत्या. काका खांबाशी वाकले, बोल्टच्या मोकळ्या भोकांवरून बोट फिरवलं आणि आमच्याकडे न बघता म्हणाले, “कोणालातरी तुम्ही वर यायला नको आहात.”

नदी पायी ओलांडता येईल असा उतार शोधण्यात अख्खा दिवस गेला. शेवटी नदी जिथं पसरट होते तिथं काका कमरेला दोर बांधून पाण्यात शिरले. पाणी बर्फासारखं. छातीपर्यंत! दोनदा त्यांचे पाय सुटले, दोनदा ते परत उभे राहिले. पलीकडे दोर बांधला गेला आणि त्याला धरून आम्ही एकेक करून गेलो. साहेब मधोमध अडकले. पुढं येईनात, मागं जाईनात. डोळे घट्ट मिटून दोराला बिलगून उभे. शेवटी ताई परत पाण्यात उतरली आणि लहान मुलाला आणावं तसं बोलत बोलत त्यांना घेऊन आली. मी काठावर उभी राहून बघत होते. मदतीला गेले नाही. हे मी लपवत नाही.

चौथ्या दिवशी दुपारी डोंगराच्या धारेवर चढलो. इथून पुढं जंगल सुरू होतं. देवदारांची गर्द सावली, पायाखाली पानांचा इतका जाड थर की चालताना आपलाच आवाज येऊ नये; खोडांवर हातभर शेवाळ, त्यात नेच्यांची नखाएवढी रोपं, आणि कुठंतरी वर सुतारपक्ष्याची ठकठक. दरवर्षी इथं पोहोचलं की ताई पाच मिनिटं काहीच न करता बसते. त्या दिवशी ती बसली नाही. कारण समोरून ऊन येत होतं.

जिथं ऊन यायलाच नको, तिथून!

आम्ही धावलो. चौकटीच्या कडेला येऊन थांबलो. अर्ध्याहून जास्त चौकट आडवी झाली होती. खोडं एकमेकांवर पडलेली, फांद्यांचे ढीग, उघडी पडलेली काळी माती, आणि सगळीकडे ओल्या लाकडाचा वास. पलीकडच्या खिंडीतून नवा कच्चा रस्ता खोदून तोडीच्या ठेकेदारानं माणसं आणि यंत्रं आत आणली होती. हुकूम निघायच्या आधीच. पुरावाच उरला नाही तर पडताळणी कसली करणार! काकांनी एका बुंध्यावर तळवा ठेवला. यंत्राची करवत, म्हणाले, आणि फार तर दहा दिवसांपूर्वी. डिंक अजून चिकट आहे.

मी मोजत सुटले. रडत नव्हते, ओरडत नव्हते, नुसती मोजत होते. दोनशे त्रेसष्ट. प्रत्येकाचा नंबर मला पाठ होता. सत्तेचाळीसवर घुबडाचं जोडपं सलग सहा वर्षं घर करत होतं. ते पोकळ खोड फुटून पडलं होतं.

साहेब एका आडव्या देवदाराशी उभे होते. खोडावरच्या करड्या, झालरीसारख्या दगडफुलाला त्यांनी हात लावला आणि त्याचं शास्त्रीय नाव पुटपुटले. अगदी अचूक. हे फक्त जुन्या, कधीच न तोडलेल्या जंगलातच वाढतं, असंही स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले.

त्यांना माहीत होतं! अडाण्याची चूक मी एक वेळ पोटात घातली असती. पण ज्याला ओळखता येतं त्यानं न बघता सही ठोकावी? मी त्यांच्या बाहीला धरलं आणि ओढत अठ्ठ्याऐंशी नंबरच्या बुंध्याशी नेलं. तो एवढा रुंद होता की आम्ही दोघांनी हात पसरले असते तरी कवेत आला नसता.

“मोजा,” मी म्हणाले. “एक वलय म्हणजे एक वर्ष. साठच्या पुढं गेलात तर सांगा.”

साहेब गुडघ्यावर बसले. ताईनं टाचण्यांची डबी दिली. दर दहा वलयांना एक टाचणी. करवतीनं कापलेलं लाकूड गुळगुळीत होतं, रेषा स्पष्ट दिसत होत्या. ज्यांनी पुरावा मिटवायला झाडं पाडली त्यांनीच झाडांचं वय उघडं करून ठेवलं होतं. साठ केव्हाच मागं पडले. मध्येच साहेबांची मोजणी चुकली, त्यांनी मागच्या टाचणीपासून पुन्हा सुरुवात केली. त्यांचा आवाज हळूहळू बारीक होत गेला.

“दोनशे नव्वद,” ते एकदा थांबून म्हणाले. “अजून आहेत.”

तीनशे सत्तेचाळीस निघाले.

ताईनं आकडा वहीत लिहिला आणि वही त्यांच्यापुढं धरली. साहेब म्हणाले, सही खाली गेल्यावर करतो. ताईनं वही मिटली. मी बोलले, पण ते इथं लिहिण्यासारखं नाही.

त्या संध्याकाळी आणि दुसऱ्या सकाळी आम्ही मातीचे अठरा नमुने काढले. नळी कुठंही कंबरेच्या आत थांबली नाही. वीतभर म्हणे! कॅमेरा, तोडलेल्या झाडांचे बिल्ले आणि मातीच्या नळ्या असं सगळं एका पोत्यात भरलं. पोतं चांगलंच जड झालं. ते मी साहेबांच्या पाठीवर चढवलं. “माती उथळ आहे ना तुमच्या मते? मग जड वाटायची नाही.” साहेबांनी पट्टे आवळले.

पाऊस त्याच सकाळी लागला, त्या दिवशी निघताच आलं नाही. सहाव्या दिवशीही तो थांबायचं नाव घेईना. नदी फुगली असणार, म्हणून खिंडीतल्या नव्या रस्त्यानं उतरायचं ठरलं होतं; ती वाट तोडलेल्या उताराच्या खालून जात होती. काकांनी वर बघितलं, वाहून येणारं गढूळ पाणी बघितलं आणि म्हणाले, दुपारपर्यंत थांबू, पाऊस ओसरू दे. इथल्या मुळ्या आता माती धरत नाहीत. पण माझ्या डोक्यात दुसरंच चाललं होतं. मुदतीला दोन दिवस उरलेत, पुलावर एक दिवस आधीच गेला आहे, आणि साहेबांना तर उशीर झालेला हवाच आहे. मी हट्टाला पेटले. ज्यांना थांबायचंय त्यांनी थांबा, मी चालले, म्हणाले आणि निघाले. मग सगळेच निघाले.

काका पुढं, मी, ताई, शेवटी साहेब. उतार निम्मा ओलांडला असेल. वरून आवाज आला. गडगडाट नाही, ओलं कापड फाडावं तसा. काकांनी वळून ओरडून सांगितलं, पळा!

पळालो. मागं डोंगर सुटला होता! माती, दगड, फांद्यांचे ढीग, एक अख्खं खोड, सगळं मिळून खाली चाललं होतं. मी ताईचा हात धरून खडकावर फेकल्यासारखी पडले. वळून बघितलं तर साहेब नाहीत.

मग दिसले. वाटेच्या खाली, घळीच्या अगदी तोंडाशी. छातीपर्यंत चिखलात. एक हात फांदीला, दुसरा दिसतच नव्हता. आणि पाठीवरचं पोतं चिखलानं फुगून त्यांना इंचाइंचानं मागं ओढत होतं.

काकांनी दोर माझ्या कमरेला बांधला. मीच सर्वांत हलकी. मी पोटावर सरपटत खाली गेले. चिखल अजून हलत होता. साहेबांच्या कॉलरला हात घातला, ओढलं. हलेनात. पोतं! पट्टा त्यांच्या खांद्यात रुतला होता.

“आधी हे घ्या,” साहेब धापा टाकत म्हणाले. “नमुने घ्या. मी धरतो तोवर.”

मी त्यांच्याकडे बघितलं. दोन्ही निघणार नव्हते. हे त्यांनाही कळत होतं. एकोणीस वर्षं, अठरा नळ्या, दोनशे त्रेसष्ट बिल्ले. आणि ज्यानं सही केली नाही तो माणूस. खरं सांगते, एक क्षणभर मी थांबले. एकच क्षण, पण थांबले.

मग चाकू काढला आणि पट्टा कापला. साहेबांनी दुसरा पट्टा मुठीत धरून ठेवला होता.

“सोड!” मी ओरडले. “सोड ते, गाढवा!”

त्यांनी सोडलं. पोतं घळीत गेलं. आवाजसुद्धा आला नाही. वरून काकांनी आणि ताईनं दोर खेचला आणि आम्ही दोघं चिखलाच्या गोळ्यासारखे वर आलो. साहेबांचा डावा हात मोडला होता. ताईनं आपल्या ओढणीनं तो गळ्यात बांधला. मी बाजूला जाऊन बसले. राग साहेबांचा, करवतवाल्यांचा, आणि आता माझा स्वतःचाही. काकांचं ऐकलं असतं तर पोतं पाठीवर असतं आणि हात शाबूत.

मी हे काकांना बोलून दाखवलं. काका म्हणाले, “चला आता. उठा.”

पुढचे दोन दिवस आम्ही चालत राहिलो. ताईची वही तिच्या अंगावर होती, म्हणून वाचली. पण वहीला समितीत काय किंमत आहे ते आम्ही आधीच बघितलं होतं. उरला होता फक्त साहेबांचा शब्द. मी तो मागितला नाही. मागितला असता तर जीव वाचवल्याची किंमत वसूल केल्यासारखं झालं असतं, आणि तेवढी लाचारी माझ्याच्यानं होणार नव्हती.

मुदतीच्या शेवटच्या दुपारी आम्ही समितीच्या दालनात उभे होतो. लांब टेबल, त्यावर काच, काचेखाली जुनी परिपत्रकं. आमच्या बुटांतला चिखल गालिच्यावर पडत होता आणि शिपाई तिकडे बघून बघून कासावीस झाला होता. अध्यक्षांनी नमुने मागितले. ताईनं शांतपणे सांगितलं, नाहीत. दरडीत गेले. अध्यक्षांनी फाईल ओढली आणि पेनाचं टोपण काढलं.

“मी बोलू का?” साहेब म्हणाले. हात गळ्यात, चेहरा पांढराफटक. “एका बुंध्याचं वय तीनशे सत्तेचाळीस वर्षं आहे. मी स्वतः मोजलं. माती कंबरेपेक्षा खोल आहे. मी स्वतः वाहिली. आणि दोनशे त्रेसष्ट झाडं तुमच्या हुकमाआधीच पाडली आहेत.”

अध्यक्षांनी जुना अहवाल पुढं सरकवला. मग हे तीन दिवसांच्या पाहणीत तुम्हाला कसं दिसलं नाही, त्यांनी विचारलं.

साहेबांनी अहवालावरच्या स्वतःच्या सहीवर बोट ठेवलं.

“मी गेलोच नव्हतो,” साहेब म्हणाले.

तोड त्याच दिवशी थांबली. चौकशी लागली, ठेकेदाराच्या यंत्रांना टाळं लागलं. महिनाभरात साहेबांची नोकरी गेली. मला वाईट वाटलं नाही. बाहेर जिन्यात त्यांनी हात पुढं केला होता, तो ताईनं धरला. मी धरला नाही. खरं बोलायला त्यांना डोंगर अंगावर यावा लागला, आणि दोनशे त्रेसष्ट झाडं तर आधीच पडली होती. ती कुठल्या कबुलीजबाबानं उभी राहणार?

पुढच्या वर्षी आम्ही वर गेलो तेव्हा ताईनं मला न विचारता त्यांनाही बोलावलं होतं. स्वतःच्या खर्चानं आले, स्वतःचं ओझं स्वतः वाहून. आता आमचं काम बदललं आहे. पाडलेल्या प्रत्येक झाडाचं वय काढायचं, आणि सावली गेल्यावर मातीतलं काय काय मरतं ते नोंदवायचं. गांडुळं पहिल्याच वर्षी निम्म्यावर आली. साहेब दिवसभर गुडघ्यावर बसून वलयं मोजतात आणि आकडा सांगतात. मी तो लिहून घेते. कामापलीकडे आमच्यात एक शब्द होत नाही.

परवा चहा पिताना ताईनं विचारलं, अजून किती दिवस राग धरणार आहेस?

“एकेचाळीस बुंधे मोजून झालेत,” मी म्हणाले, “दोनशे बावीस राहिलेत.”

पलीकडून साहेबांनी पुढच्या बुंध्याचा आकडा सांगितला. तीनशे दोन. मी चहा खाली ठेवला आणि लिहून घेतला.