शंभर ओहम

मंगळावरच्या ‘उंबरठा’ स्थानकात वीज सांभाळायची इरावती चौबळने आणि माणसं सांभाळायची डॉक्टर हेरंब रसाळांनी. तिचा नवरा शार्दूल आजारी पडला तेव्हा डॉक्टरांनीच त्याला शीतनिद्रेत ठेवलं. पृथ्वीवरून औषध येईपर्यंत तो कुपीत तीस अंशांवर झोपून राहणार होता.

आज सुटे भाग मागवायचे होते. कुपी उबदार ठेवणाऱ्या तापतारेचा रोध किती, असं अर्जात विचारलं होतं.

“डॉक्टर, कुपी दोन मिनिटं बंद करून मीटर लावू?”

“वेड लागलंय का तुला? मागच्या अर्जातला आकडा टाक नि मोकळी हो.”

“मग हिशेबाने काढते. दाबाचा वर्ग भागिले शक्ती. दाब वीस व्होल्ट, त्याचा वर्ग चारशे. शक्ती चार वॅट. म्हणजे शंभर ओहम.”

आकडा लिहिता लिहिता तिचा हात थांबला. तार प्लॅटिनमची होती. ती गार झाली की रोध उतरतो. तीस अंशांना तो एकशे बारा हवा. शंभर म्हणजे शून्य अंश. शून्यावर माणूस झोपवत नाहीत, प्रेत ठेवतात.

“पडद्यावर तर तीस दिसतायत, डॉक्टर.”

“मग तीसच असतील ना!”

“पडदा तुमचा आहे. व्होल्ट आणि वॅट माझे. पडद्यावरचं तापमान खोटं दाखवलंत, पण विजेचे आकडे बदलायचं तुम्हाला सुचलंच नाही.”

डॉक्टरांनी पडदा बंद केला. “अकराव्या दिवशीच गेला गं तो. सांगितलं असतं तर तू परतीच्या यानात बसली असतीस. तुझ्यावाचून इथली चाळीस माणसं जगली नसती.”

“आणि मी रोज त्याच्याशी बोलत होते! ‘ऐकतोय हं तो,’ असं तुम्ही मागे उभं राहून म्हणायचात! लाज नाही वाटली?”



इरावतीने विजेची आपली रोजची नोंदवही ओढली. बाराव्या दिवशी सुमारे साडेतीन वॅटचे चार झाले होते. शेजारी तिचंच अक्षर होतं: ‘डॉक्टर म्हणाले, तार जुनी झाली.’

जुनी तार झिजते, तिचा रोध वाढतो आणि वॅट कमी होतात, वाढत नाहीत. हे तिला कॉलेजपासून ठाऊक होतं. पण डॉक्टरांचं तिला खरं मानायचं होतं.

त्यापुढे तीनशे सकाळच्या नोंदी. वीस व्होल्ट, चार वॅट. वीस व्होल्ट, चार वॅट. शार्दूल गेल्याचं तिने रोज स्वतःच्या हाताने लिहिलं होतं आणि खाली सही केली होती.