कलेक्टर कुठल्या बाजूला?

मी त्या दुकानात घड्याळाचा सेल घ्यायला शिरले होते, हे आता घरात कुणीच मान्य करत नाही. पण खरंच तेवढंच होतं हो! काउंटरमागे इवल्या इवल्या खणांची भिंत होती, आणि तिच्यापुढे एक जण पोट उघडलेला रेडिओ घेऊन बसला होता. शेजारी बिस्किटाएवढी एक पट्टी, तिच्यावर चारदोन भाग, आणि त्यातून चक्क गाणं वाजत होतं.

“हे काय आहे?”

“एका ट्रान्झिस्टरचा ॲम्प्लिफायर. बारीक आवाज मोठा करतो.” हे तो इतक्या हळू बोलला की त्यालाच एक जोडायला हवा होता.

मला बाबा आठवले. हल्ली त्यांना कमी ऐकू येतं. मशीन लावायला तयार नाहीत. मोबाईल कानाशी धरून बातम्या ऐकतात आणि सगळं जग पुटपुटतं म्हणून जगालाच नावं ठेवतात.

“मला घरी करता येईल? मग द्या. ट्रान्झिस्टर एक, रेझिस्टर एक, कपॅसिटर एक, स्पीकर एक…”

“एक नग,” तो पुटपुटला.

“कोण, मी?”

“नाही, नाही! ट्रान्झिस्टर… एक नग.” त्याचे कान लाल झाले.

मग त्याने पुडीवर आकृती काढली. ट्रान्झिस्टर म्हणजे एक काळा मणी, एका बाजूने सपाट, खाली तीन पाय. “सपाट बाजू तुमच्याकडे धरा. मधला बेस, डावीकडे एमिटर, उजवीकडे कलेक्टर. अडलं तर फोन करा.” बोलताना तो पुडीकडे कमी आणि माझ्याकडे जास्त बघत होता. मला ते आवडलं, उगाच खोटं कशाला बोलू?

घरी जेवणाच्या टेबलावर तीन तास खपले, एक बोट भाजून घेतलं, आणि मोबाईल जोडला. बाबांनी स्पीकरला कान लावला. “पोत्यात मांजर आहे का गं?”

दुसऱ्या दिवशी पट्टी घेऊन दुकानात. त्याने ती खालीवर करून पाहिली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं… आणि मिटलं. “बॅटरी बदलून पाहा.” तिसऱ्या दिवशी, “कपॅसिटर बदला.” चौथ्या दिवशी, “चहा घेता?” आवाज मात्र तेवढाच! मला ट्रान्झिस्टर कळत नव्हता, हा माणूस कळत नव्हता, आणि दुकानात जायच्या आधी मी दोनदा केस का विंचरते, तेही कळत नव्हतं.

एकदा फोनवर मी वैतागून म्हणाले, “अहो, कलेक्टर उजवीकडेच आहे. रोज बघतेय मी त्याला!”

आई हातातलं काम टाकून आली. “कोण कलेक्टर?”

“आई, तो पाय असतो…”

“माझी फिरकी घेऊ नकोस.”

संध्याकाळपर्यंत मावशीचा फोन. “कलेक्टरशी जमवलंस म्हणे! रविवारी पाचला चहाला बोलाव.” मी नाही नाही म्हणतेय तोवर वेळसुद्धा ठरली.

शनिवारी सकाळी बाबांनी पट्टी माझ्याकडे सरकवली. “जाऊ दे गं. मला ऐकायचं तरी काय असतं आता.” मी मण्यावरचा नंबर मोबाईलवर शोधला… आणि बघतच राहिले. कलेक्टर डावीकडे! उलटा लावला तरी हा प्राणी वाजतो, फक्त हळू वाजतो. मी तो फिरवून जोडला. बाबा खुर्चीत दचकले. “अगं, कमी कर!” मग त्यांनी डोळे मिटून अख्ख्या बातम्या ऐकल्या, हवामानासकट.

पण ज्याचा हा रोजचा धंदा, त्याला तीन पाय कळू नयेत? एक तर तो अडाणी होता, नाही तर… डोक्याचा पार भुगा झाला. मी तरातरा दुकान गाठलं.

“कलेक्टर डावीकडे आहे.”

त्याने हातातला रेडिओ बाजूला ठेवला. मग म्हणाला, “मी समोर बसलो होतो ना… माझ्या बाजूने काढलं. तुमच्या बाजूने ते उलटं होतं. तुमच्याकडे बघत होतो, म्हणून…”

“कळलं कधी?”

“दुसऱ्याच दिवशी.”

“मग बोलला का नाहीत?”

“बोललो असतो तर… तुम्ही परत आला नसता.”

मला रागवायचं होतं, हसू येत होतं, आणि शेवटी आलं ते रडूच. “माझे बाबा दोन आठवडे त्याला कान लावून बसले होते. आज म्हणाले, मला ऐकायचं तरी काय असतं.”

त्याचा चेहरा उतरला. “मी त्यांची माफी मागायला येतो. कधी येऊ?”

“उद्या पाचला. पण… घरात सगळ्यांना वाटतंय, तुम्ही कलेक्टर आहात.”

रविवारी तो सायकलवरून आला. मावशी आईच्या कानात म्हणाली, “किती साधे आहेत गं!” तो थेट बाबांसमोर जाऊन उभा राहिला.

“काका, मी कलेक्टर नाही. रेडिओ दुरुस्त करतो. आकृती चुकली, आणि तुमची मुलगी परत यावी म्हणून मी ती चूक लपवली. माझं चुकलं. मला ती आवडते.”

बाबांनी कानामागे हात धरला. “काय?”

त्याने सगळं पुन्हा सांगितलं.

“पुटपुटू नका हो! मोठ्याने बोला!”

त्याने श्वास घेतला. “मला तुमची मुलगी आवडते!”

जिन्यात कुणाचं तरी दार उघडलं. आईने हातातला कप खाली ठेवला. मावशी म्हणाली, “मग कलेक्टर कुठाय?” बाबा माझ्याकडे बघत होते.

“आणि तुला गं?”

सगळे बघत होते, तोही. मी मान खाली घातली, आणि जेमतेम ओठ हलले.

“मलाही… आवडतात.”

“हं,” बाबा म्हणाले, “हे ऐकू आलं.”