पाहुण्याचा पाय

"मेलेल्या माणसाचं औषध पायात घेताना कसं वाटतं?"

हा प्रश्न त्या परदेशी पेशंटला विचारायची पैज माझ्या वर्गातल्या इयाने लावली होती. "तुझी दातखीळ बसेल, तेक्ले," ती म्हणाली. गेल्या वर्षी बसलीही असती. यंदा मी तिबिलिसीतल्या नऊ शाळांना वादविवादात गप्प केलंय. दुपारी शाळा सुटल्यावर दप्तरासकट थेट नदीकाठच्या संस्थेत गेले.

आई तिथल्या प्रयोगशाळेत आहे. हाडात मुरलेल्या जंतूंना कुठलंच अँटिबायोटिक मारेनासं झालं, की लोक तिथे येतात. नदीच्या गढूळ पाण्यातून जंतू खाणारे विषाणू गाळून काढायचे, पेशंटच्याच पुवातल्या जंतूंवर पोसायचे आणि जखमेत सोडायचे. माझ्या आजोबांची नडगी सहा वर्षं वाहत होती. मार्चमध्ये त्यांच्या जंतूंवर पोसलेली पहिली बाटली तयार झाली. ती मिळाली त्या परदेशी पेशंटला, डेस्मंडला. तो न्यूझीलंडचा, मेंढ्यांची लोकर कातरणारा; त्याच्या हाडातले जंतूही त्याच बाटलीने मरत होते. आजोबांना पुढची बाटली, तीन आठवड्यांनी. ते दुसऱ्याच आठवड्यात गेले.

यादीतला नंबर कुणी बदलला, हे तीन महिने मी विचारतेय. "संस्थेचा निर्णय," एवढंच आई म्हणते.

"जा, बोल त्याच्याशी," नर्स नानुली म्हणाली. "तीन महिने झाले, आपल्या भाषेत साधं 'धन्यवाद' म्हणता येत नाही मेल्याला. त्याच्या मेंढ्या तरी लवकर शिकल्या असत्या."

खोलीत, जंतू पोसायला प्रयोगशाळेत उकळतात त्या मांसाच्या पाण्याचा वास होता. डेस्मंड खिडकीशी, पाय स्टुलावर टाकून. नडगीची जखम कोरडी पडली होती. तो मुठीत दोन अक्रोड एकमेकांवर दाबून फोडत होता आणि टरफलं खिडकीत जोडीजोडीने, पालथी मांडत होता. अगदी आजोबांसारखी. इथे अक्रोड सगळेच खातात, मी स्वतःला बजावलं.

मी इंग्रजीत प्रश्न विचारला. एका दमात.

त्याने वर पाहिलं नाही.

"दार लाव, बाबुआ. वारा येतोय."

आमच्या भाषेत. आजोबांच्या गुरिया प्रांतातल्या त्या घाईघाईच्या बोलीत. बाबुआ म्हणजे आजोबा. आमच्याकडे मोठी माणसं लहानांना स्वतःच्याच नात्याने हाक मारतात. आई मला 'देदा' म्हणते, म्हणजे आई. मला 'बाबुआ' म्हणणारा एकच माणूस होता.

मी दार लावलं. का, माहीत नाही.

"माझा नंबर लागला का?" त्याने विचारलं.

मी खिडकीजवळ सरकले.

"तुझ्या आईने खोडलं माझं नाव. पेन्सिलीने. मी खाली बाकावर बसलो होतो. वाटलं, येऊन सांगेल."

एक टरफल खाली पडलं.

त्याने डोळे चोळले. मग इंग्रजीत, नेहमीच्या त्याच्या आवाजात, "सॉरी पोरी, काही विचारलंस का?"

रात्री जेवताना मी आईला म्हटलं, "आजोबांचं नाव पेन्सिलीने खोडलंस ना?"

तिचा डाव भांड्यातच थांबला.

"तेक्ले, जेव गुपचूप," बाबा म्हणाले.

"कुणी सांगितलं?" आईचा आवाज बारीक झाला. "मी एकटीच होते खोलीत."

"म्हणजे खोडलंस."

"तो जगाच्या त्या टोकाहून आला होता, देदा. पाहुणा. घरच्या माणसाला त्याच्या पुढे कसं घुसवणार होते? आणि तीन आठवडे काय, असे जातील वाटलं."

"आजोबा खाली बसले होते. एक जिना उतरून सांगायचं होतंस. आजोबांनी स्वतःच त्याला आधी जाऊ दिलं असतं. तू त्यांना विचारलंच नाहीस."

ती रडायला लागली. मला कणव आली नाही. यायला हवी होती बहुतेक.

"मी ठरवलंय," मी उभी राहून म्हटलं. "रविवारी डेस्मंड आपल्याकडे जेवायला येतोय. मी बोलावलंय. आई, तू त्याच्यासमोर बसायचंस आणि नाव का खोडलंस ते सांगायचंस. तोंडावर."

"त्याला काय कळणार त्यातलं?" बाबा म्हणाले. "आणि घर कसं सापडेल त्याला? पत्ता तरी नीट लिहून दिलास का?"

"नाही," मी म्हटलं. "त्याने विचारलाच नाही."